पड सोडली ती पुण्यासाठी नव्हे

महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. पण १९ आणि २० मार्च १९२७ ला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत तळ्याकडे मोर्चा निघाला तो दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी बाबासाहेबांनी अध्यक्ष म्हणून जे भाषण केले, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. त्या भाषणात अन्नाचा विषय होता. शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार फिरू नका, मेलेली ढोरे ओढू नका, मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, असे त्यांनी समोर बसलेल्या हजारो माणसांना सांगितले. परिषदेच्या ठरावांमध्येही हा विषय आहे. सवर्णांना आवाहन केले गेले की तुमची मेलेली जनावरे तुम्हीच पुरा. आणि सरकारकडे मागणी केली गेली की अस्पृश्यांना मृतमांस खायला कायद्यानेच बंदी घाला.

वारकऱ्याला माळ घालताना मांस सोडावे लागते, पण तो एकेकट्याचा नेम असतो. एका अख्ख्या समाजाने सभा भरवून, ठराव करून, पोटाला चिमटा घेऊन मांस सोडल्याची गोष्ट महाराष्ट्रात घडली ती महाडची. आणि ती आपली आहे.

हा इतिहास आज पुन्हा काढायचे कारण आहे. महाडवरून निघालेला मुंबई-गोवा महामार्ग पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर करत हातखंब्याला येतो. हातखंबा तिठ्यावरून रत्नागिरीकडे रस्ता फुटतो. या पट्ट्यातल्या बौद्धवाड्यांवर आम्ही काम करतो. गेल्या काही वर्षांत वर्षावासाची प्रवचनमाला सुरू झाली की एक वाद हटकून उभा राहतो. एक गट म्हणतो, बुद्ध अहिंसेचा, तेव्हा मांस खाणारा बौद्ध खोटा. दुसरा गट म्हणतो, मांस ही आपली ओळख, ते सोडणारा बामणाळला. दोन्हीकडची पोरे आपली आहेत, आणि दोन्हीकडच्यांनी १९२७ मध्ये नेमके काय सोडले गेले आणि का, हे नीट वाचलेले नाही.

आधी 'पड' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण विशीतल्या वाचकाच्या कानावर हा शब्द आला असेलच असे नाही. गावात कोणाचे गुरे-ढोर मेले की महारवाड्यात सांगावा यायचा. येणे भाग होते, नाही म्हणायची सोय नव्हती. ढोर ओढून गावाबाहेर न्यायचे, सोलायचे. या कामाची मजुरी रोख मिळत नसे. जे मांस हाती लागेल तीच मजुरी. काही भागांत कातड्याचा, शिंगांचा हक्क महाराचा, काही भागांत मालकाचा किंवा दुसऱ्या जातीचा. हे सगळे वतनाच्या नावाखाली चाले. बिदरच्या बादशहाने दिलेले बावन्न हक्क म्हणून आपले आजे-पणजे जी यादी अभिमानाने सांगत, त्यात मेलेले ढोरही होते. हक्क म्हणून सांगितलेली ती वेठ होती. मांस एका दिवसात संपत नसे, म्हणून त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्याला चान्या म्हणत. उपासमारीच्या दिवसांत त्याच चान्यांवर घर चाले. दया पवारांचे 'बलुतं', शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे जग माहीत आहे. मराठवाड्यातल्या या खाण्याचा तपशील हवा असेल त्यांनी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' जरूर वाचावे.

आता या ठिकाणी थांबून एक प्रश्न विचारू. पड खाणारा माणूस कोणाची हत्या करतो? कोणाचीच नाही. ढोर आपल्या मरणाने मेलेले असते. अहिंसेच्या तराजूत तोलायचे तर पड खाणारा महार हा बाजारातून बकऱ्याचे मटण आणणाऱ्या कोणाही मानकऱ्यापेक्षा निर्दोष ठरतो. मग बाबासाहेबांनी नेमके तेच सोडायला का सांगितले, आणि बकऱ्याचे मटण सोडा असे का नाही सांगितले?

याचे उत्तर सरळ आहे. त्यांना मांसाशी भांडण नव्हते. ते मांस ज्या वाटेने घरात येत होते त्या वाटेशी होते. पड घरात आली की तिच्याबरोबर गावकीचा हुकूम घरात येत होता. पड बंद केली की ढोर ओढायचे कारण संपते, आणि ढोर ओढणे थांबले की 'हे तुमचे काम' म्हणण्याचा गावाचा अधिकार डळमळतो. अन्नाच्या जागी चाललेली ती एक संपाची हाक होती.

बाबासाहेबांच्या आधीही पड सोडा असे सांगणारे लोक होते, आणि त्यातला सर्वात मोठा माणूस आपल्याच कोकणातला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. तिथे त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून सनातन्यांना जाहीर प्रश्न विचारले. १८९४ मध्ये महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू करावी म्हणून त्यांनी अर्ज तयार केला. त्या अर्जातली मांडणी अशी की आपण मूळचे क्षत्रिय, पण १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात जीव जगवण्यासाठी मिळेल ते खावे लागले आणि म्हणून आपण खाली ढकलले गेलो.

मंडळीच्या नावाकडे पाहा. 'दोष परिहारक'. म्हणजे दोष आपल्यात शिरला आहे, तो काढून टाकू, मग वरचे लोक आपल्याला जवळ करतील. समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये ज्याला संस्कृतीकरण म्हटले, त्याची ही जवळजवळ पाठ्यपुस्तकातली व्याख्या आहे. खालची जात वरच्या जातीचे खाणेपिणे, विधी, नेम उचलते आणि एक पायरी वर चढू पाहते. शिडी तशीच राहते. यावरून वलंगकरांना हिणवणारी पोरेही आम्ही पाहिली आहेत. ते आम्हाला मान्य नाही. ज्या काळात महाराला लिहिणे सोडा, बोलणेही महाग होते त्या काळात या माणसाने छापून प्रश्न विचारले. त्यांच्या हातात जे शस्त्र होते ते त्यांनी वापरले. पण शस्त्र कोणाच्या कारखान्यातले होते, हे आपण आज ओळखले पाहिजे.

महाडच्या भाषणातही स्वच्छतेची, टापटिपीची भाषा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीदहनाच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हाही नीट नेसा, मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका, असे सगळे एका दमात सांगितले. तेवढेच वाक्य सुटे काढले तर ते वलंगकरांसारखेच वाटेल. फरक आहे तो पुढच्या पावलात. वलंगकरांच्या मांडणीत पड सोडून सरकारकडे आणि सवर्णांकडे अर्ज जातो. महाडमध्ये पड सोडून माणसे तळ्यावर जातात. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू होते आणि त्यात महारवतनावर टीका येते. १९२८ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणतात. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्हा बहिष्कृत परिषदेत खोतीवर हल्ला होतो, आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक येते. पड, वतन, खोती ही एकाच साखळीची कडी आहेत. ही कनिष्ठ गावकामगार वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली, म्हणजे महाडनंतर तीस वर्षांनी.

या तीस वर्षांत किंमत कोणी मोजली? ढोर ओढायला नकार दिला म्हणून गावोगाव बहिष्कार पडले. दुकान बंद, पाणी बंद, शेतावरचे काम बंद. कोकणात तर जमीन खोताची आणि घराखालची जागाही त्याच्याच मर्जीची. अशा ठिकाणी नाही म्हणणे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेण्याची तयारी. चूल पेटवायची होती बाईला. चान्यांचे मडके रिकामे झाल्यावर त्या जागी काय शिजवायचे हा प्रश्न कोणत्याही ठरावात नव्हता, तो तिने सोडवला. मुंबईच्या गिरण्यांतून आणि गोद्यांतून आलेल्या मनिऑर्डरींनी हात दिला खरा, पण सगळ्या घरांत मनिऑर्डर येत नव्हती.

विरोधकांनी या नकाराची थट्टाही केली. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्याची आठवण सांगितली आहे. 'केसरी'त कोणी हिशोब मांडला होता की गावात वर्षाला पन्नास ढोरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, खूर, हाडे, मांस यांचे पाचशे रुपये होतात आणि आंबेडकर आपल्या लोकांचे हे उत्पन्न बुडवत आहेत. बाबासाहेबांचे प्रत्युत्तर असे होते की एवढा नफा असेल तर तुम्हीच ओढा, वरून पाचशे रुपये मी देतो. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी लाखोंसमोर त्यांना ही जुनी गोष्ट सांगावीशी वाटली, यातच तिचे महत्त्व आले. समोरच्या माणसाला तुमची गरिबी दिसत होती, फक्त त्या गरिबीचा उपाय तो स्वतःच्या अंगाला लावून घ्यायला तयार नव्हता.

हे जुने झाले असे कोणाला वाटत असेल तर त्याने उना आठवावे. ११ जुलै २०१६ ला गुजरातमधल्या मोटा समढियाळा गावी मेलेली गाय सोलणाऱ्या दलितांना गोरक्षकांनी मारहाण केली आणि उना शहरात नेऊन भर रस्त्यात फटके मारले. उत्तर म्हणून सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे आणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर टाकली. तुमची आई, तुम्हीच सांभाळा. महाडच्या ठरावातले ते कलम नव्वद वर्षांनी दुसऱ्या राज्यात अंमलात आले.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. पड सोडल्यावर एक गोष्ट मागे राहिली होती, ती म्हणजे लाज. आपल्या पूर्वजांनी पड खाल्ली, याची लाज. आजही पुष्कळ शिकलेल्या घरांत आजीने हा विषय काढला की मुलगा तिला गप्प करतो. या लाजेवरचे औषध बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात दिले. तिथे त्यांनी प्रश्नच उलटा केला. मांस खाल्ले म्हणून अस्पृश्य का झालो, हे विचारण्याआधी ब्राह्मणांनी गोमांस का सोडले, हे विचारा. वैदिक काळात पाहुण्याला 'गोघ्न' म्हणत, मधुपर्कात मांस लागे, यज्ञात गाय कापली जाई, याचे पुरावे त्यांनी त्यांच्याच ग्रंथांतून काढले. बौद्ध धम्माने यज्ञावर केलेल्या टीकेमुळे जनमानसातून उतरलेल्या ब्राह्मणांनी गेलेले स्थान परत मिळवण्यासाठी एक पाऊल पुढे टाकले आणि शाकाहारच उचलला, अशी त्यांची मांडणी. आणि गावाबाहेरचे मोडलेले, पांगलेले लोक, जे बौद्ध होते, ते मेलेल्या गाईचे मांस खात राहिले. गुप्तांचा गोवधबंदीचा कायदा त्यांना लागू होत नव्हता, कारण ते गाय मारतच नव्हते.

हा सिद्धान्त सर्व इतिहासकारांना मान्य नाही. तरीही त्याने आपल्यासाठी एक काम केले. १९२७ मध्ये पड सोडायला सांगणाऱ्या माणसाने १९४८ मध्ये पड खाणाऱ्याच्या माथ्यावरचा कलंक पुसला. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. जे सोडायचे ते सोडा, पण ज्यांनी खाल्ले त्यांना हीन समजू नका.

मग तथागतांचे काय? आमच्या तरुण मित्रांना हे ऐकून धक्का बसतो, पण विनयात भिक्खूला मांस सरसकट निषिद्ध नाही. आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते घ्यायचे नाही, एवढीच अट. देवदत्ताने पाच कडक नियमांची मागणी केली होती, त्यात मासे-मांस पूर्ण बंद करा हीही होती. तथागतांनी ती सक्ती नाकारली. ज्याला पाळायचे त्याने पाळावे. चुंद लोहाराने दिलेल्या शेवटच्या भोजनातले 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस की आणखी काही, यावर पंडितांत वाद आहे. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ते डुकराचेच मांस होते हे न लाजता मांडले. त्यावरून त्यांना बराच रोष पत्करावा लागला. नंतरच्या महायान परंपरेत, 'लंकावतार सूत्रा'त, मांसाला कडक विरोध आहे, हेही खरे. पण मूळ विरोध कशाला होता? कूटदंत सुत्तात शेकडो बैल, गोऱ्हे, कालवडी, बकरे यज्ञासाठी खांबाला बांधलेले आहेत, आणि तथागत ते सोडायला लावतात. सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात लिहिले आहे की पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही नेहमी नाही, आणि पुढे तेही थांबेल. हा राजा आधी स्वतःचे स्वयंपाकघर उघडे करतो, मग प्रजेशी बोलतो. आपल्याकडच्या उपदेशकांनी यातला क्रम तेवढा घ्यावा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा अर्थ मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांच्यात फरक करून लावला आहे. सर्वांवर इतके प्रेम करा की मारण्याची इच्छाच होऊ नये, हे त्याचे सार. बावीस प्रतिज्ञा घ्या. तेरावी सांगते प्राणिमात्रांवर दया करा. दारू पिऊ नका हे सतरावीत स्पष्ट शब्दांत आहे. मांस खाऊ नका असे एकाही प्रतिज्ञेत नाही. ज्या माणसाने दारूचे नाव घेऊन बंदी केली, तो मांसाचे नाव घ्यायला विसरला असेल असे आम्हाला वाटत नाही. मात्र देवाला कोंबडे देण्याचा प्रश्न प्रतिज्ञांनी आपोआप मिटवला. ज्या देवांना आपण मानत नाही त्यांना राखण कसली द्यायची? कोकणातल्या बौद्धवाड्यांनी राखणीचा कोंबडा आणि बकरा सोडला, तो खऱ्या अर्थाने कूटदंताच्या वाटेवरचा त्याग होता. त्याचे कौतुक मात्र कोणी करत नाही.

आमच्यापैकी काहींनी मांस सोडले आहे. एकाने ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडवर काही महिने काम केले आणि त्यानंतर त्याला ते उतरेना. एकीला लहानपणापासून मान कापलेला कोंबडा पाहवत नव्हता, पंचशील रोज म्हणताना पहिल्या शिलाशी तिचे भांडण होई, ते तिने मिटवले. एकाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडले आणि त्याला धम्माचे नाव देण्याचा मोह टाळला, हे आम्हाला विशेष आवडले. ही सगळी कारणे खरी आहेत आणि पुरेशी आहेत. त्यांना आम्ही बामणाळलेले म्हणू देणार नाही. करुणा ही कोणा जातीची मिरास नाही.

पण याच भागातल्या एका वाडीत वर्षावासाच्या तीन महिन्यांत कोणी घरात मासे-मांस शिजवले तर दंड घ्यावा, असा प्रस्ताव आला तेव्हा आम्ही त्याला उघड विरोध केला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या गरीब घरात काय असते? जुलै संपेपर्यंत मासेमारी बंद, मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या ओढून ठेवलेल्या. भाजी महाग. पेज, आमटी आणि सोबत भाजलेला बोंबील किंवा मूठभर सुकट. तो बोंबीलच ताटातून काढून घ्यायचा आणि वर दंडही लावायचा? मुंबईहून आलेल्या पदाधिकाऱ्यांना पनीर परवडते, लावणीला जाणाऱ्या बाईला नाही. दंड लावणारी समिती म्हणजे नवी गावकीच. विहारातल्या सामुदायिक भोजनात डाळ-भात-भाजी करावी, कारण तिथे सोडलेले आणि न सोडलेले दोघेही बसतात. घरातल्या चुलीकडे समितीने पाहू नये. बरीच वादावादी झाली, शेवटी तेवढेच ठरले.

चुलीकडे पाहणारे बाहेरही कमी नाहीत. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. मांस बाळगण्याबद्दलची काही कलमे मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केली, कत्तलबंदी कायम राहिली. गरिबांचे स्वस्त मांस गेले आणि म्हातारा बैल शेतकऱ्याच्या दावणीला राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले. त्याला लगेच विरोध सुरू झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोणाची मुले जातात हे सांगायला नको. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांना केळे देण्याची सोय त्या योजनेत होतीच.

आमच्यातल्या त्या मांस सोडलेल्या मुलीने वाडीतल्या पालकांच्या सह्या गोळा केल्या आहेत. मागणी एका ओळीची आहे, मुलांचे अंडे परत द्या. पहिली सही तिचीच आहे.